दुबईत नोकरी किंवा धंदा करताना: करांचे आणि कायद्याचे नियम, दोन्ही देशांच्या बाजूने

दुबईत कर भरावा लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पगारापुरतं ते खरं आहे. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, पगारावर आयकर नाही. पण १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे आणि १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांपासून धंद्याच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट कर आहे. शिवाय आपण भारतीय नागरिक, त्यामुळे भारताचा आयकर कायदा आणि फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) विमानतळावर मागे राहत नाहीत. लोक अडकतात ते बहुधा एकाच कारणाने: एका देशाचा नियम पाहून निर्णय घेतात आणि दुसऱ्या देशाचा पाहायचा राहून जातो. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजू मांडल्या आहेत, ज्या क्रमाने कामं करावी लागतात त्याच क्रमाने.

निघण्याआधी: कागद आणि बँक

पदवी, विवाह आणि मुलांच्या जन्माच्या दाखल्यांचं अटेस्टेशन, म्हणजे अधिकृत साक्षांकन, भारतात असतानाच करून घ्या. क्रम असा: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास आणि शेवटी यूएईत पोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय. पदवीचा कागद अटेस्टेड नसेल तर कुशल पदाचा परवाना अडतो. विवाहाचा दाखला नसेल तर बायको-मुलांचा किंवा नवऱ्याचा व्हिसा अडतो. महानगरपालिकेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करा. तिथून करायला गेलात तर कुणाला तरी अधिकारपत्र देऊन खेटे घालायला लावावे लागतात.

नोकरीसाठी देश सोडलात की फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. तेव्हापासून साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यायचं. भारतातलं भाडं, लाभांश, जुन्या ठेवींचं व्याज त्यात जमा होतं. दुबईची कमाई पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडा. एनआरईवरचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसा हवा तेव्हा परत नेता येतो. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. तो दुहेरी कर टाळण्याच्या भारत-यूएई करारानुसार १२.५ टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी यूएईचं कर-निवास प्रमाणपत्र लागतं. पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. मुदतवाढ मिळत नाही आणि नवीन उघडता येत नाही.

गावाकडे जमीन घ्यायचा बेत असलेल्यांनी एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्यावी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत वारस म्हणून सातबारावर नाव लागू शकतं, त्याला अडचण नाही. फ्लॅट, दुकान, बिगरशेती प्लॉट घेता येतो. परदेशात गेल्यावर भावाला पैसे पाठवून स्वतःच्या नावावर शेती घ्यायची हा बेत कायद्यात बसत नाही, मग तलाठी काहीही म्हणो.

दिवस मोजा आणि लिहून ठेवा

भारतात तुमच्यावर कर किती हे ठरतं १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात यावर. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, पण निवासाचे मूळ निकष तेच आहेत.

ज्या वर्षी नोकरीसाठी निघता, त्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर अनिवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. म्हणजे २८ सप्टेंबरच्या आत निघालात आणि मार्चपर्यंत परत आला नाहीत, तर त्या वर्षीचा दुबईचा पगार भारतात करपात्र नाही. ऑक्टोबरमध्ये निघालात तर त्याच पगारावर भारतात कर लागेल. कंपनी रुजू होण्याची तारीख तीन आठवडे पुढे-मागे करायला तयार असेल, तर हा विचार करून तारीख मागा. आणि दिवाळीला धावती भेट द्यायची असेल तर तेही दिवस या हिशेबात धरा.

पुढच्या वर्षांत भेटीला येताना मर्यादा १८२ दिवसांचीच असते. मात्र तुमचं भारतातलं उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असेल, तर १२० दिवसांवरच नियम बदलतो: आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तर तुम्ही निवासी ठरता, पण 'सामान्यतः निवासी नसलेले' या मधल्या गटात. याच गटासाठी आणखी एक तरतूद २०२०-२१ पासून आहे आणि तिचा रोख थेट आखातातल्या भारतीयांकडे आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर आणि दुसऱ्या कुठल्याही देशात करदायित्व नाही, अशा भारतीय नागरिकाला एक दिवसही भारतात न राहता निवासी मानलं जातं. ही तरतूद आली तेव्हा दुबईचा पगार करपात्र झाला अशी आवई उठली होती. तसं झालेलं नाही. मधल्या गटातल्या माणसाचं परदेशी उत्पन्न भारतात करपात्र होत नाही, अपवाद फक्त भारतातून चालवल्या जाणाऱ्या धंद्याच्या उत्पन्नाचा. तो अपवाद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

यूएईची मोजणी वेगळी. भारत-यूएई कराराचा लाभ हवा असेल तर कॅलेंडर वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, तिथे निदान १८३ दिवस हजर असावं लागतं. यूएईच्या देशांतर्गत नियमांत ९० दिवसांचाही पर्याय आहे, पण त्यावर मिळालेलं प्रमाणपत्र भारताशी केलेल्या करारासाठी पुरेसं नाही. पासपोर्टवर आता शिक्के नेहमी बसत नाहीत, म्हणून येण्या-जाण्याच्या तारखांची वही किंवा एक्सेल ठेवा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

आणखी एक. सलग सहा महिन्यांहून जास्त यूएईबाहेर राहिलात तर साधा रेसिडेन्स व्हिसा रद्द होतो. दीर्घ मुदतीच्या गोल्डन व्हिसाला ही अट नाही.

नोकरीचा करार: मूळ पगार पाहा

खासगी नोकरीला २०२१ चा कामगार कायदा लागू आहे, तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. सर्व करार मुदतीचे. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. वर्षाची रजा ३० दिवस. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, तो तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. पासपोर्ट ठेवून घेणंही बेकायदा आहे. व्हिजिट व्हिसावर कामाला लागू नका. परवान्याशिवाय माणूस ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, पण पकडला गेल्यावर देश सोडावा लागतो तो कामगाराला.

ऑफर लेटरमध्ये सगळ्यांची नजर एकूण पगाराच्या आकड्यावर जाते. तुम्ही मूळ पगाराचा आकडा शोधा, कारण नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावरच ठरते. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार, एकूण कमाल दोन वर्षांचा पगार. निदान एक वर्ष सेवा हवी.

आकड्यात पाहू. एकूण पगार १२,००० दिरहम, त्यातला मूळ ६,०००. दिवसाचा मूळ पगार २०० दिरहम. सात वर्षं नोकरी केली, तर पहिल्या पाच वर्षांचे २०० गुणिले २१ गुणिले ५, म्हणजे २१,००० आणि पुढच्या दोन वर्षांचे २०० गुणिले ३० गुणिले २, म्हणजे १२,०००. एकूण ३३,००० दिरहम. मूळ पगार ८,००० लिहून घेतला असता तर हीच रक्कम ४४,००० झाली असती. सही करण्याआधी हे एकच बोलणं केलंत तरी पुरे. आणि कायद्याने सगळी देणी नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत द्यायची असतात.

बेरोजगारी विमा २०२३ पासून सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, वर असेल तर १०. हप्ता तुम्हीच भरायचा, कंपनी नाही. विमा न घेतल्यास ४०० दिरहम दंड. बारा महिने हप्ते भरलेले असतील आणि कंपनीने काढलं तर तीन महिन्यांपर्यंत मूळ पगाराच्या ६० टक्के मिळतात. अर्ज ३० दिवसांत करायचा. स्वतः राजीनामा दिला तर काही मिळत नाही.

धंदा सुरू करताना: परवाना आधी, गिऱ्हाईक नंतर

इथे आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते. दिवाळीच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी घेणं, घरी शिकवण्या, वीकेंडला लग्नाचे फोटो, नोकरी सांभाळून कुणाची वेबसाइट करून देणं. भारतात यातलं बरंचसं घरगुती उद्योग म्हणून चालून जातं. यूएईत पैसे घेतले की तो व्यवसाय आणि व्यवसायाला परवाना लागतो. खाण्याच्या पदार्थांना वर महानगरपालिकेची परवानगी. चकल्या घरच्यांसाठी करा, शेजाऱ्यांना द्या. विकायच्या असतील तर परवाना असलेल्या स्वयंपाकघरातून विका. नोकरीत असताना दुसऱ्या कंपनीचं काम करायचं तर पार्ट-टाइम वर्क परमिट लागतं, नाहीतर मालकाच्या संमतीने फ्रीलान्स परमिट काढता येतं.

कंपनी काढताना मेनलँड (सर्वसाधारण स्थानिक परवाना) की फ्री झोन (वेगळ्या नियमांचं खास व्यापारी क्षेत्र), हा पहिला प्रश्न. जून २०२१ पासून मेनलँडवर बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला १०० टक्के मालकी मिळते. 'लोकल पार्टनर लागतोच' असं सांगणारा एजंट जुनी माहिती विकतो आहे. फ्री झोनमधली कंपनी काढायला सोपी आणि अनेकदा स्वस्त असते, पण तिला मेनलँडवरच्या गिऱ्हाइकाला थेट माल विकायला अडचणी येतात. तुमचं गिऱ्हाईक दुबई शहरातल्या करामा, बर दुबई अशा भागांतली दुकानं असतील तर मेनलँड. गिऱ्हाईक परदेशात असेल तर फ्री झोनचा विचार करा. परवान्यावर लिहिलेल्या व्यवसायापलीकडचं काम करायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

यूएईचा कर: तीन आकडे

कॉर्पोरेट करात कंपनी आणि व्यक्ती यांत फरक आहे आणि तो न समजल्यामुळे दंड भरणारे पुष्कळ आहेत. कंपनी असेल तर नफा शून्य असला, धंदा बंद पडलेला असला, तरी फेडरल टॅक्स अथॉरिटीकडे नोंदणी करावीच लागते आणि हिशेबी वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत विवरणपत्र भरावंच लागतं. फ्रीलान्स परमिटवर स्वतःच्या नावाने काम करणाऱ्याला मात्र कॅलेंडर वर्षात उलाढाल १० लाख दिरहमच्या वर गेली तरच नोंदणी लागते, तीही पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत. पगार, स्वतःची गुंतवणूक आणि स्वतःच्या घराचं भाडं त्या १० लाखांत धरत नाहीत.

नोंदणीला उशीर झाला तर दंड १०,००० दिरहम. पहिलं विवरणपत्र वर्ष संपल्यापासून नऊऐवजी सात महिन्यांत भरलं तर हा दंड माफ होतो, म्हणून उशीर झालाच असेल तर विवरणपत्र लवकर भरा.

दर असा: ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावरच्या नफ्यावर ९ टक्के. नफा ६ लाख असेल तर कर २ लाख २५ हजारांवर, म्हणजे २०,२५० दिरहम. उलाढाल ३० लाख दिरहमच्या आत असणाऱ्यांना छोट्या व्यवसायांची सवलत मागता येते, मग कर शून्य. पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या हिशेबी वर्षांपुरतीच आहे आणि विवरणपत्रात ती मागावी लागते, आपोआप लागू होत नाही.

'फ्री झोनमध्ये कर शून्य' हेही सरसकट नाही. शून्य दर फक्त ठरावीक पात्र उत्पन्नाला आहे. त्यासाठी तिथे खरं कार्यालय, खरी माणसं आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. डिझाइन, सल्लागारी, सॉफ्टवेअरची फुटकळ कामं बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकणाऱ्या छोट्या कंपनीचं उत्पन्न सहसा त्यात बसत नाही. अशा कंपनीने ९ टक्क्यांचाच हिशेब धरून चालावं.

व्हॅटची नोंदणी मागच्या बारा महिन्यांची उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की सक्तीची. हाच आकडा कॉर्पोरेट करात नफ्याचा आहे आणि इथे उलाढालीचा. दोन्हींची सरमिसळ करू नका. भारतातल्या गिऱ्हाइकाला दिलेल्या सेवेवर व्हॅट शून्य टक्के लागला तरी ती उलाढाल या मर्यादेत मोजतात. विवरणपत्र कालावधी संपल्यापासून २८ दिवसांत. कॉर्पोरेट कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद सात वर्षं सांभाळायचे असतात.

पुण्यात बसून दुबईची कंपनी

सध्या जोरात चाललेला प्रकार हा: पुण्यातल्या किंवा नाशिकच्या व्यावसायिकाला एजंट फोन करतो, फ्री झोनचा परवाना घ्या, निर्यातीची बिलं दुबईतून काढा, कर वाचवा. हे वाचणाऱ्यांत कुणी त्या वाटेवर असेल तर कृपया थांबा आणि पुढचं नीट वाचा.

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशात कंपनी काढता येते. पण पैसा अधिकृत बँकेमार्फत, उदारीकृत प्रेषण योजनेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म भरून जायला हवा. एजंटच्या लिंकवर क्रेडिट कार्ड घासून परवाना घेणं ही ती पद्धत नव्हे. वर्षाला १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम पाठवली तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो. कंपनीचा वार्षिक अहवाल दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यायचा. भारताच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते शेअर्स आणि तिथलं बँक खातं दाखवायचं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. यूएई २०१८ पासून परदेशी खातेदारांची माहिती इतर देशांना पाठवतं, त्यामुळे कुणाला कळणार नाही हा भरवसा धरू नका.

आणि कराचा मूळ प्रश्न उरतोच. कंपनी दुबईची, पण सगळे निर्णय पुण्याच्या ऑफिसात होत असतील, तर प्रत्यक्ष व्यवस्थापन भारतात म्हणून भारत तिला निवासी ठरवू शकतो. ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढालीच्या कंपन्यांना ही तरतूद लावत नाहीत, पण पुण्यात बसून केलेल्या कामाचं उत्पन्न भारतात करपात्र ठरायला इतर वाटा आहेत. वर सांगितलेला 'भारतातून चालवला जाणारा धंदा' त्यातलाच. माणूस खरोखर तिकडे राहायला गेला तरच ही रचना टिकते.

भारतातलं घर: भाडं आणि विक्री

अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, रक्कम कितीही लहान असो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, म्हणून करारातच लिहा.

विक्रीत मोठी रक्कम अडकते. समजा कोथरूडचा जुना फ्लॅट ९० लाखांना विकला आणि नफा ४० लाख आहे. अनिवासीला इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा, पर्याय नाही. १२.५ टक्के आणि सेस धरून खरा कर ५ लाख २० हजार. पण खरेदीदार नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतो: अधिभार आणि सेससह १४.३ टक्के, म्हणजे १२ लाख ८७ हजार. वरचे साडेसात लाखांहून जास्त रुपये परतावा येईपर्यंत सरकारकडे पडून. यावर उपाय म्हणजे व्यवहाराआधी आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज करणं. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून इसार घेतल्याबरोबर अर्ज करा. 'निवासी दाखवून १ टक्काच कापू' असं दलाल म्हणाला तर मानू नका. त्यात खरेदीदार आणि तुम्ही दोघंही गुंतता.

कुलमुखत्यारपत्र दुबईत वाणिज्य दूतावासात करा आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सनदी लेखापालाच्या दाखल्यासह.

मृत्युपत्र करा

मुस्लिमेतरांसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून यूएईत वेगळा नागरी कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर यूएईतल्या मालमत्तेचा अर्धा भाग जोडीदाराला आणि अर्धा मुलांना, मुलगा-मुलगी समान. तुमच्यावर अवलंबून असलेल्या गावच्या आईवडिलांना या वाटणीत काहीच येत नाही. त्यांच्यासाठी ठेवायचं असेल आणि लहान मुलांचा पालक कोण हे ठरवायचं असेल, तर मृत्युपत्र नोंदवा. डीआयएफसी या दुबईच्या आर्थिक केंद्रात २०१५ पासून ही सोय आहे. खातेदार गेल्यावर बँक खातं गोठवलं जातं, संयुक्त खातंसुद्धा. म्हणून दोघांचं प्रत्येकी एक स्वतंत्र खातं असावं आणि त्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च असावा.

रोजच्या वावरातले कायदे

मंडळाच्या गणपतीची वर्गणी ही यूएईत सगळ्यात जपायची गोष्ट. परवानाधारक संस्थेशिवाय कुणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत, ऑनलाइनही नाही. गावच्या आजारी माणसासाठी ग्रुपवर केलेलं आवाहनही यात येतं. कार्यक्रम तिकिटांवर, परवानगी घेऊन करा.

परवानगीशिवाय कुणाचा फोटो टाकणं आणि व्हॉट्सॲपवर शिवीगाळ, दोन्ही गुन्हे आहेत. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या आई-बाबांच्या बॅगेत असतील तर यूएई सरकारची पूर्वपरवानगी काढा. भाड्याच्या घराचा करार इजारीत, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवून घ्या; घर विकायचं किंवा स्वतः वापरायचं म्हणून काढायचं असेल तर मालकाने बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. न वटलेला चेक २०२२ पासून बहुतांशी फौजदारी राहिलेला नाही, पण त्यावर थेट वसुली होते आणि देश सोडायला बंदी येऊ शकते.

परत येताना

कंपनी असेल तर परवाना रद्द करणं पुरेसं नाही. धंदा थांबल्यापासून २० कामकाजाच्या दिवसांत व्हॅटची आणि तीन महिन्यांत कॉर्पोरेट कराची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करायचा. कर्ज आणि क्रेडिट कार्ड फेडून बँकेकडून दाखला घ्या, मग व्हिसा रद्द करा.

भारतात परतल्यावर, मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस असाल, तर काही काळ मधल्या गटात राहता. या काळात दुबईच्या ठेवींचं व्याज भारतात करपात्र नसतं आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. तिथली खाती आवरायची तर ती याच काळात आवरा. एनआरई खातं मात्र परतल्यावर लगेच निवासी करून घ्यायचं, कारण त्याची करमुक्ती फेमाखाली अनिवासी असेपर्यंतच आहे.